हीटरवर स्टेनलेस स्टीलचा ग्रेड छापायलाच हवा

संपादक महोदय,
स. न.

आपल्या पुरवणीतील गिझर-खरेदीवरच्या लेखात टाकीला चुंबक लावून पाहण्याचा सल्ला होता. चिकटला तर स्टील हलके, नाही चिकटला तर अस्सल. हा समज सर्वदूर आहे, पण त्यावर विसंबून चांगली टाकी नाकारली जाते आणि हलकी घरी येते.

स्टेनलेस स्टीलचे ग्रेड, म्हणजे मिश्रणानुसार ठरलेले प्रकार, आकड्यांनी ओळखले जातात. 304 ग्रेडमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. निकेलमुळे त्याला चुंबक चिकटत नाही. 202 मध्ये निकेल कमी करून त्या जागी स्वस्त मँगेनीज घालतात. त्यालाही चुंबक चिकटत नाही, पण गंजापुढे ते 304 इतके टिकत नाही. याउलट 444 ला चुंबक घट्ट चिकटतो, तरी त्यात 18 टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि 2 टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो आणि ते गरम पाण्याच्या टाक्यांसाठी मुद्दाम वापरले जाते. त्याचे कारण पाण्यातले क्लोराईड. 304 आणि मॉलिब्डेनम घातलेले महाग 316 या दोन्ही ग्रेडना ताण, क्लोराईड आणि साधारण 60 अंशांपुढची उष्णता एकत्र आली की बारीक तडे जाऊ शकतात. 444 मध्ये हा धोका फारच कमी.

बहुतेकांच्या नजरेतून सुटतो तो वेल्डिंगचा सांधा. टाकी पुष्कळदा सांध्यावर नव्हे, त्याच्या शेजारच्या पट्ट्यात गळू लागते. वेल्डिंग करताना तो पट्टा सुमारे 450 ते 850 अंशांच्या दरम्यान रेंगाळला, तर स्टीलमधला कार्बन क्रोमियमला ओढून घेतो. आजूबाजूला क्रोमियम उरत नाही आणि गंजाला वाट मिळते. म्हणून 304एल आणि 316एल मध्ये कार्बन 0.03 टक्क्यांपर्यंतच ठेवतात, तर 321 मध्ये टायटॅनियम घालून कार्बनला आधीच गुंतवून टाकतात. एका 'एल' अक्षराने टाकीचे आयुष्य बदलू शकते, आणि जाहिरातीत नेमके तेच नसते.

गॅसवर चालणाऱ्या हीटरमध्ये ज्वाळेच्या बाजूचे गणित आणखी वेगळे. 316 महाग म्हणून तिथेही सरस, असे नाही. त्यातले मॉलिब्डेनम क्लोराईडशी लढते, लाल तापलेल्या पत्र्याची पापुद्रे सुटण्यापासून राखण करत नाही. तिथे 25 टक्के क्रोमियम आणि 20 टक्के निकेलचे 310 लागते. ते हजार अंशांच्या वरही तग धरते, 304 ची मर्यादा त्याच्या बरीच खाली आहे. शिवाय 304 तापल्यावर 430 पेक्षा, म्हणजे चुंबक चिकटणाऱ्या, निकेल न घातलेल्या ग्रेडपेक्षा, कितीतरी जास्त प्रसरण पावते. वारंवार तापून थंड होणाऱ्या भागात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते, कारण वरचा संरक्षक थर त्यानेच तडकून गळून पडतो.

तेव्हा उत्पादकांनी नुसते 'स्टेनलेस स्टील' लिहून ग्राहकाची बोळवण करू नये. टाकीचा ग्रेड, हीटिंग एलिमेंटच्या आवरणाचा ग्रेड आणि ज्वाळा किंवा धूर जिथे लागतो त्या भागाचा ग्रेड वस्तूवर वेगवेगळा छापावा. आपल्या वृत्तपत्राने खरेदीच्या पुढच्या तुलनात्मक तक्त्यात हे तीन रकाने घालावेत आणि जो उत्पादक माहिती देणार नाही, त्याच्या नावापुढचा रकाना कोराच छापावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक