मोटर बदला, पण आधी तिची पाटी वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या अंकात पोहण्याच्या शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात आणि माझ्या दुकानात तलावांच्या मोटरी यायला लागतात. कामठी रोडला माझं मोटर वाइंडिंगचं, म्हणजे मोटरीतल्या तांब्याच्या तारा नव्यानं गुंडाळायचं, छोटं दुकान आहे, ३१ वर्षं झाली. म्हणजे या पत्रात माझा थोडा स्वार्थ आहे, हे आधीच कबूल करतो. लोकांनी मोटर भंगारात न टाकता दुरुस्त केली, तर माझी चूल पेटते. पण पुढे लिहिलेलं वाचून स्वार्थ किती आणि खरं किती, ते वाचकांनीच ठरवावं.

गेल्या महिन्यात वर्धा रोडकडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी ऑटोत मोटर टाकून आले. पंपवाल्यानं अख्खा पंपसेट बदलायचं कोटेशन दिलं होतं. कारण काय, तर 'आवाज करते.' "कायले रिपेअर करता, नवा सेटच टाका," असं तो वर म्हणाला होता. मी शाफ्ट, म्हणजे मोटरीचा फिरणारा दांडा, हातानं फिरवला. खरखर लागली. पंपाच्या बाजूच्या झाकणावर पांढऱ्या क्षाराचा आणि तांबूस गंजाचा ओघळ वाळलेला होता. सगळी गोष्ट तिथंच लिहिलेली होती: शाफ्टपाशी पाणी अडवणारं मेकॅनिकल सील झिजलं, पाणी शाफ्टवरून सरकत पुढच्या बेरिंगमध्ये गेलं, ग्रीस धुऊन निघालं. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला, वाइंडिंग ठणठणीत. ६२०५ नंबरची दोन बेरिंग आणि एक सील, एवढंच काम. सील मात्र सोबत बदलायलाच हवं. नाहीतर नवी बेरिंग काय, नवी मोटर टाकली तरी तिला त्याच वाटेनं पाणी येणार. आणि बसवताना सीलच्या चकचकीत तोंडाला बोट लावायचं नाही. तेलकट हात तिथं लागला की सील बसवतानाच गळकं.

तलावाचा पंप म्हणजे दोन वेगळ्या वस्तू, हे लोकांना कुणी सांगतच नाही. पुढचा भाग पंप: केरकचऱ्याची जाळी, प्लॅस्टिकचं घर, आत इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारं चाक. मागचा भाग मोटर. मध्ये बहुतेकदा चारच बोल्ट. पंपाचं घर तडकलेलं नसेल, इम्पेलर खाल्लेला नसेल, तर मागची मोटर तेवढी बदलता येते. फक्त ती तीच असावी लागते, आणि 'तीच' म्हणजे काय, हे मोटरीच्या अंगावरच्या पाटीवर असतं.

पाटीवर लोक एकच गोष्ट वाचतात, एचपी, म्हणजे मोटरीची ताकद. खरं तर तिथं किलोवॅट, व्होल्ट, फेज, हर्ट्झ (विजेची सेकंदाला आवर्तनं), अँपिअर, आरपीएम (मिनिटाला फेरे), फ्रेम (बांध्याचं ठरलेलं माप), इन्सुलेशनचा वर्ग, आयपी नंबर (धूळ-पाण्यापासून बचाव किती) एवढं सगळं असतं. यात मला कुणी एकच आकडा विचारला, तर मी आरपीएम म्हणेन. का, ते माझ्याच फजितीवरून सांगतो.

धंद्यात नवा होतो. एका मोठ्या तलावाची मोटर आली, पाटी गायब. शाफ्ट मोजला, २४ मिलिमीटर. पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची ९० मिलिमीटर. बोल्टांची भोकं मोजली, फ्रेम ९० एल. माझ्याकडे ९० एल फ्रेमची ३ एचपीची मोटर तयार होती. नेऊन लावली, अशी चपखल बसली की मीच खूश. "बसली ना बराबर?" म्हणून मालकाकडे ऐटीत पाहिलं आणि स्टार्टर दाबला. जास्त भार आला की वीज तोडणारा ओव्हरलोड रिले धाडकन पडला. पुन्हा दाबला, पुन्हा पडला. जुनी मोटर २ एचपी, चार पोलची, १४४० आरपीएमची होती. मी लावली ती दोन पोलची, २८८० वाली. (पोल म्हणजे कॉइलनं तयार होणारे चुंबकाचे ध्रुव, ते जितके कमी तितका वेग जास्त.) फ्रेम तीच, शाफ्ट तोच, वेग दुप्पट. इम्पेलरचा वेग दुप्पट झाला की तो आठपट ताकद मागतो. दोनाच्या जागी सोळा एचपी, ती ३ एचपीची बिचारी कुठून देणार? तेव्हापासून पाटी नसेल तर मी मोटर उघडून कॉइलचे गट मोजतो, पोल किती ते आधी बघतो आणि मगच तोंड उघडतो. फ्रेम जुळली म्हणजे मोटर जुळली, असं नसतं.

सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याचा किस्सा याच्या उलटा. नातेवाइकांनी अमेरिकेतून पंप पाठवलेला. पाटीवर २३० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ३४५० आरपीएम, १ एचपी आणि त्याखाली बारीक अक्षरात एसएफ १.६५. हा एसएफ म्हणजे सर्व्हिस फॅक्टर. एचपीला त्यानं गुणायचं, म्हणजे ती मोटर नावाला १ एचपी, पण सोसायला १.६५ एचपी. अशा ठिकाणी नुसतं '१ एचपी द्या' म्हणून दुकानात जाणं म्हणजे चपलेचा नंबर न सांगता चप्पल मागवणं. पण इथं खरी अडचण हर्ट्झची होती. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ६० ची मोटर ५० वर चालवली की ती हळू फिरते, आतल्या लोखंडावर चुंबकीय भार वाढतो आणि मोटर तापत राहते. पाणी सहाऐवजी पाच भाग येतं आणि दाब तर ७० टक्क्यांच्याही खाली जातो, म्हणून वाळूचा फिल्टर उलटा धुताना जोर पुरत नाही. शाफ्टही इंचाच्या मापाचा, टोकाला आटे असलेला, आपली १९ मिलिमीटरची मोटर त्याला लागणार कशी? त्या गृहस्थांना मी स्वतः सांगितलं, साहेब, हा सेटच बदला, ५० हर्ट्झचा घ्या. दुकानाचं गिऱ्हाईक गेलं. जाऊ द्या.

जळालेली मोटरही बरंच सांगते, ऐकणारा पाहिजे. तीन फेजच्या मोटरीत काही कॉइल कोळसा आणि काही नव्यासारख्या, तर एक फेज गेला होता आणि मोटर दोनवर रेटली गेली. सगळं वाइंडिंग सारखंच काळं, तर ओव्हरलोड नाहीतर हवा मिळाली नाही. सिंगल फेजमध्ये नुसतं स्टार्टिंग वाइंडिंग जळालं, तर मोटर सुरू झाल्यावर ते वाइंडिंग तोडणारा आतला स्विच चिकटला. आणि मोटर नुसती गुं गुं करते, शाफ्टला धक्का दिला की फिरते, तर पुष्कळदा मोटरीला सुरुवातीचा झटका देणारा कपॅसिटर निकामी झालेला असतो. एवढ्याशा डबीपायी मोटरी भंगारात गेलेल्या मी पाहिल्यात. कारण न शोधता नवी मोटर टाकली, तर ती जुनीच्याच वाटेनं जाते. कारण पंपाच्या खोलीतच बसलेलं असतं.

त्या खोल्यांबद्दलही लिहायलाच हवं. मोटर साधारण ४० अंशांच्या हवेचा हिशोब धरून बनवलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ च्या वर जातं आणि नवतपात, मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, या खोल्या भट्ट्या होतात. खिडकी नाही, आणि मोटरीच्या पंख्याच्या जाळीला टेकून ब्लीचिंग पावडरचं पोतं. त्या वाफेनं टर्मिनल हिरवे पडतात, बोल्ट कुजतात. रसायनं दुसऱ्या खोलीत ठेवा, एवढं सांगायला इंजिनिअर लागत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर, अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं तेव्हा, माझ्या दुकानासमोर मोटरींची रांग लागली होती. बेसमेंटमधल्या सगळ्या बुडालेल्या. त्यातल्या वाचल्या कोणत्या, तर मालकानं बटण दाबायच्या आधी आणलेल्या. बुडाली म्हणून मोटर सहसा जळत नाही, ओली असताना चालू केली म्हणून जळते. उघडायची, स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा, भट्टीत वाळवायची, बेरिंग बदलायची, मेगरचा आकडा पटला तरच वीज द्यायची. "पाहू तं चालते का" म्हणून ज्यांनी बटण दाबलं, त्यांना मी पूर्ण वाइंडिंगचं बिल दिलं. वाईट वाटलं, पण दिलं.

मोटर बदलली की नंतरची दहा मिनिटं महत्त्वाची. तीन फेजची असेल तर फिरण्याची दिशा बघा. दोन वायरी उलट लागल्या तर पंप उलटा फिरतो, तरीही थोडं पाणी येतच राहतं आणि बसवणारा म्हणतो, "पाणी तं येऊन राह्यलं ना?" आट्यांवर बसणारा इम्पेलर असेल तर उलटं फिरून तो सैल होतो आणि पंपाच्या घराला घासतो. मग क्लॅम्प मीटर लावून अँपिअर मोजा, पाटीवरच्या आकड्याच्या आत हवेत.

आणि एक गोष्ट हात जोडून. तीसेक मिलिअँपिअरची गळती पकडणारा आरसीसीबी तलावाच्या पंपाला असायलाच हवा. तो सारखा पडतो म्हणून वायर सरळ जोडून त्याला वगळलेलं मी एका नामांकित शिबिराच्या ठिकाणी स्वतः पाहिलं. तो पडत होता, कारण मोटरीत ओल शिरून करंट बॉडीवर येत होता. पाण्यात तेव्हा सात-आठ वर्षांची पोरं होती. मी मेन बंद केला आणि पोरं बाहेर काढल्यावरच बोललो. पंपवाला माझ्यावर रागावला, व्यवस्थापकही रागावला. आरसीसीबी परत जोडल्याशिवाय मी तिथून हललो नाही.

तलाव असलेल्या सोसायट्या, शाळा, हॉटेलं यांना माझं सांगणं आहे, की या आठवड्यात खोलीत जाऊन पाटीचा फोटो काढून ठेवा आणि आकडे रजिस्टरमध्ये उतरवा. दिवाळीच्या रंगकामात पाटीवर रंग फासलेला असतो, त्यामुळे फोटोत काही दिसणार नाही. मेन बंद करून थिनरच्या चिंधीनं रंग पुसून बघा. तरी वाचता आलं नाही, तर पाटीवर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच घासा. ठोकलेले आकडे कागदावर उमटतात. आधी आरपीएमचा शोधा.

आपला,
एक मोटर वाइंडर, कामठी रोड, नागपूर
(नाव छापू नये ही विनंती. काही पंपवाले माझे गिऱ्हाईक आहेत.)