टाकी पाठीवर घेण्याआधी

मालवण

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर वैतागली होतीस. "बाबा, मी मालवणची, माझी कसली पोहायची परीक्षा घेतात?" म्हणालीस. १२ मिनिटांत ४०० यार्ड पोहायचं, १० मिनिटं जागच्या जागी तरंगायचं आणि मग कुठे पाण्याखाली श्वास घ्यायचा हवेचा सिलिंडर हातात. तेव्हा मी गप्प बसलो. पण कॅलिफोर्नियातल्या ला होयाच्या ज्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत तू शिकतेस, तिथल्या डायव्हिंगची गोष्ट वाचल्यापासून ती तुला सांगायची राहून जाऊ नये असं वाटतंय.

नौदल अधिकारी कुस्तो आणि अभियंता गान्यां यांनी फ्रान्समध्ये १९४३ साली ॲक्वालंग, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा पाण्याखाली श्वासाला पुरवणारं यंत्र, तयार केला. तो कॅलिफोर्नियात पोचला, तेव्हा लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात कॉनरॅड लिंबॉ आणि अँड्रियास रेक्निट्झर हे दोघे विद्यार्थी होते. जवळच्याच वेस्टवुडमधल्या खेळाच्या सामानाच्या दुकानातून त्यांनी तो मिळवला. शिकवायला कुणीच नाही. उतरायचं आणि वर आलो तर शिकलो म्हणायचं! पुढे लिंबॉ स्क्रिप्सला आला आणि त्याच्यासोबत ॲक्वालंगही आला.

आता नीट वाच. १० मीटर खाली दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे टाकीतून छातीभर हवा घेतलीस आणि श्वास रोखून वर आलीस, तर ती हवा दुप्पट फुगायला बघते आणि फुप्फुस फाटतं. तुझे आजोबा खडकात अडकलेला नांगर सोडवायला बुडी मारायचे. गाल फुगवून, ओठ घट्ट मिटून वर यायचे आणि होडीची कड धरूनच श्वास सोडायचे. त्यांना काही झालं नाही, कारण ते वरचीच हवा घेऊन खाली गेले होते; ती खाली दबते आणि वर येताना पुन्हा होती तेवढीच होते. तुलाही मी तसंच शिकवलं. सई, माझी तीच शिकवण टाकीबरोबर जीव घेऊ शकते. मालवणची म्हणूनच तुला बाकीच्यांपेक्षा जास्त सराव हवा. घाबरलीस की अंग जुन्या सवयीवर जाईल.

१९५१ मध्ये स्क्रिप्सने रीतसर प्रशिक्षण सुरू केलं, ते लिंबॉच्या हाताखाली. १९५४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीची (म्हणजे तिथल्या जिल्ह्याची) माणसं त्याच्याकडे शिकून गेली आणि तिथून ही विद्या सामान्य लोकांपर्यंत आली. स्वतः लिंबॉ तासन् तास पाण्याखाली मासे बघायचा. मोठे मासे अंगावरचे किडे काढून घ्यायला छोट्या माशांसमोर कसे थांबतात, हे त्याने टिपून ठेवलं. मला तर हा माणूस फार आवडला.

मार्च १९६० मध्ये तो फ्रान्समध्ये कासी नावाच्या गावाजवळ पोर-म्यूच्या पाण्याखालच्या गुहेत उतरला. आत वाट चुकला आणि परत आला नाही. वय ३५. इतरांना शिकवणारा, स्क्रिप्सचा मुख्य डायव्हिंग अधिकारी. हे वाचून मी बराच वेळ पडवीत बसून होतो. आईला अजून सांगितलेलं नाही.

मास्कमध्ये पाणी भरून ते नाकाने फुंकून काढायचा सराव दहादा करायला लावतात म्हणालीस ना? विसाव्यांदाही कर.

आणि तुझ्यासोबत पाण्यात कोण उतरणार आहे, ते रविवारी फोनवर सांग. मला त्या मुलीचं की मुलाचं नाव हवं आहे.

तुझे,
बाबा