केस पेपरवर ‘पुरुष’ आहे म्हणून माझी कॅन्सर तपासणी झाली नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या मोफत तपासणी शिबिराची बातमी होती, तिशीच्या पुढच्या सगळ्या महिलांनी लाभ घ्यावा अशी. वाचली, पेपर घडी करून ठेवला, पण डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. मी ट्रान्स पुरुष आहे. जन्मलो तेव्हा घरच्यांनी मुलगी म्हणून नाव ठेवलं, आज दाढी आहे, आधारवर पुरुष आहे, गावात पोरं दादा म्हणतात. वय 37. आणि गर्भाशय आहे, कारण ते काढायचं ऑपरेशन मी केलेलं नाही, माझ्यासारख्या बऱ्याच जणांनी केलेलं नसतं, कुणाकडे पैसे नसतात तर कुणाला गरज वाटत नाही. मग ती बातमी माझ्यासाठी होती की नव्हती?

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं. मी शाळेत होतो तेव्हा, 2000 सालाच्या आसपास, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या टीम गावोगाव यायच्या, 30 ते 59 वयाच्या बायकांची तपासणी करायला. आईला पण नेलं होतं. ती अजून सांगते, नर्सताईंनी व्हिनेगरसारखं काहीतरी लावलं, मिनिटभर थांबल्या, कुठे पांढरं पडतंय का बघितलं आणि म्हणाल्या, काही नाही ताई, जावा बिनघोर. तो केवढा मोठा अभ्यास होता ते मला फार नंतर कळलं. 1 लाख 31 हजार बायका होत्या त्यात, आणि 2009 ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे त्याचा निकाल छापून आला की आयुष्यात एकदा जरी एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची, टेस्ट केली तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी होतात. आमच्या जिल्ह्यातल्या शेतात राबणाऱ्या बायकांमुळे ही गोष्ट जगाला कळली, याचा मला खरंच अभिमान आहे. आणि त्याच आईचा मी, तिला जो अवयव आहे तोच मला आहे, तर माझी साधी नोंद होईना.

झालं असं. मी एका मोठ्या दवाखान्यात गेलो, नाव नाही लिहीत कारण दुसरीकडे काही वेगळं झालं असतं असं वाटत नाही. केस पेपरच्या खिडकीवरच्या मुलाने आधार बघून ‘पुरुष’ टाकलं आणि त्याच्या कॉम्प्युटरवर स्त्रीरोगची ओपीडी लिस्टमधे येईचना. मुलगा चांगला होता, दोन-तीनदा ट्राय केलं त्याने, मग म्हणाला दादा सिस्टीम घेत नाहीये, ‘स्त्री’ टाकू का? मी नको म्हणालो, कारण उद्या काही निघालंच तर रिपोर्टवर एक आणि आधारवर दुसरं, मग योजनेत ऑपरेशन बसवायला जाऊ तेव्हा परत सगळं पहिल्यापासून. शेवटी त्याने हाताने पेपर लिहून दिला. वर गेलो तर बाकावर सगळ्या बायका, कुणी सासूबरोबर कुणी लेकीबरोबर, आणि दारातल्या मावशी म्हणाल्या पुरुषांनी बाहेर थांबायचं, पेशंटला एकटीलाच आत पाठवा. मी म्हणालो मावशी, पेशंट मीच आहे. त्यांना कळेना, त्यांनी आत मोठ्याने विचारलं, मॅडम, हा माणूस स्वतःलाच दाखवायचंय म्हणतोय, घ्यायचं का? अख्खा बाक माझ्याकडे बघायला लागला. मी जिना उतरून स्टँडवर आलो. तो पेपर अजून पाकिटात आहे, घडीवर फाटत आलाय.

मावशींचा मला राग नाही, त्यांना कोणी कधी सांगितलंच नसणार. पण डॉक्टर लोकांना तरी माहीत असायला हवं की आम्ही टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घेतो त्याने पाळी बंद होते, आतली त्वचा पातळ आणि कोरडी पडते, त्यामुळे ते स्पेक्युलम, म्हणजे तपासताना आत घालतात ते साधन, जास्त दुखतं आणि पॅप स्मिअरचा, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशींचा, नमुना बऱ्याचदा अपुरा येतो, म्हणजे परत बोलावणार, परत तोच बाक. पाळी गेली म्हणजे धोका गेला असं आमच्यातल्याही कितीतरी जणांना वाटतं, तसं नसतं. छातीचं ऑपरेशन झालेल्यांच्याही स्तनाच्या थोड्या पेशी मागे राहतात. ट्रान्स बायकांचं अजून वेगळं, इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन घेतल्यावर स्तन वाढतात म्हणजे तिथे गाठ होऊ शकते, आणि खालचं ऑपरेशन झालं तरी प्रोस्टेट ही पुरुषांमधली ग्रंथी आत तशीच असते.

आणि तोंडाचा कॅन्सर, त्याला तर बाई-पुरुष काही नाही. सरकारी कार्यक्रमात 30 च्या पुढच्या प्रत्येकाचं तोंड तपासायचं आहे. माझ्या ओळखीच्या एक गुरु आहेत हिजडा समाजातल्या, वर्षानुवर्षं तंबाखू, गालात आतून पांढरा चट्टा आलाय. मी म्हणालो चला मी येतो बरोबर. म्हणाल्या, बेटा, दोन लाइनी असतात तिथे, मी कुठल्या लाइनीत उभी राहू ते आधी सांग. मला उत्तर देता आलं नाही.

2019 च्या तृतीयपंथीयांच्या कायद्यात कलम 15 आहे, एचआयव्हीची केंद्रं, हार्मोन, सर्जरी, विमा, डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात बदल, हे सगळं आहे, कॅन्सरची तपासणी नाही. 2022 ला आयुष्मान भारतमधे आमच्यासाठी 5 लाखांपर्यंतच्या उपचाराची सोय करायचं ठरलं. मुंबईत जीटी हॉस्पिटलला 2023 मधे वेगळा वॉर्ड झाला, त्याचाही आनंद आहे. पण वॉर्ड लागतो आजारी पडल्यावर. तसं तर देशात 30 ते 49 वयाच्या बायकांमधे शंभरात दोघींचीही ही तपासणी झालेली नाही असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलंय, ज्यांच्यासाठी शिबिरं लागतात त्यांची ही गत तर आमचं कोण विचारणार.

मागणं फार नाही. कॉम्प्युटरमधे लिंगावरून ओपीडी अडवू नका, कोणता अवयव आहे ते बघा. आशाताईंच्या फॉर्ममधे ‘फक्त महिलांसाठी’ म्हणून जे प्रश्न आहेत ते आम्हालाही विचारा, पण घरात, हळू आवाजात, चारचौघात नको. आणि एचपीव्हीची टेस्ट द्या, त्याचा नमुना आपला आपण घेता येतो, जागतिक आरोग्य संघटनेनेही ते मान्य केलंय, एक काडी आणि एक नळी, दार लावून पाच मिनिटांचं काम. माझ्यासारख्याला हे मिळालं तर मी उद्या सकाळी जाईन.

आणि तुम्हाला एक विनंती, पुढच्या शिबिराची बातमी छापाल तेव्हा ‘महिलांनी’च्या पुढे ‘आणि गर्भाशय असलेल्या सर्वांनी’ एवढे शब्द टाका. आईला पेपर वाचून मीच दाखवतो. ती म्हणाली, या वेळी मी येते बरोबर, त्या बाकावर तुझ्या शेजारी मी बसते.

आपला एक वाचक, धाराशिव जिल्हा
(नाव छापू नये ही विनंती)