धबधब्यांची यादी जूनमध्ये नको, दसऱ्याला छापा

प्रति,
मा. संपादक,

विषय : पुरवणीतील ‘एका दिवसाच्या वर्षासहली’

महोदय,

मृग लागला की तुमच्या रविवारच्या पुरवणीत एक पान ठरलेले असते. देवकुंड, ताम्हिणी, भुशी, रंधा, ठोसेघर. प्रत्येकापुढे पुण्या-मुंबईपासूनचे अंतर, गाडी कुठपर्यंत जाते आणि गरम भजी कुठे मिळतात. पुढे तीन-चार आठवड्यांनी त्यातल्याच एखाद्या ठिकाणचे नाव पहिल्या पानावर येते, आणि शीर्षकात ‘वाहून गेले’ हे शब्द असतात. मी दोन्ही पाने कापून एकाच वहीत चिकटवतो. चौतीस वर्षे मास्तरकी केली, कात्रणांची सवय काही सुटत नाही.

मी माणगाव तालुक्यात, ताम्हिणी घाट उतरला की जो पट्टा लागतो तिथला राहणारा. विळे, पाटणूस, भिरा ही नावे तुमच्या वाचकांना हल्ली देवकुंडामुळे कळू लागली. धबधब्याला येऊच नये, असे म्हणणारा मी नव्हे. पोरांनी पाण्यात डुंबावे, घरच्यांनी काठावर बसून डबे सोडावेत, यासारखे सुख नाही. माझे म्हणणे एवढेच, की तुम्ही यादी चुकीच्या महिन्यात छापता आणि तिच्यात नको ती माहिती देता.

आमच्याकडचे पाणी कसे चढते ते शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. त्याला वाटते, पाऊस डोक्यावर पडला तर पाणी वाढेल. इथे पाऊस वर सड्यावर पडतो, घाटमाथ्यावर पडतो, आणि खाली तुम्ही ऊन खात दगडावर बसलेले असता. सडा म्हणजे उघडा कातळ. तो पाणी मुरवत नाही, सगळे पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, देऊन टाकतो. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात वर्षभर मिळून जेवढा पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त, एका दिवसात. असला लोंढा खाली यायला काही मिनिटे पुरतात. त्याच वर्षी ३० जूनला, रविवारी, भुशी धरणामागच्या धबधब्यात हडपसरच्या एका कुटुंबातले पाच जण गेले. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसे साऱ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिली. काठ अगदी जवळ होता.

गावातला गुराखी असले पाणी आधी ओळखतो. नितळ पाण्याला चहाचा रंग यायला लागतो, पाला आणि काटक्या वाहून यायला लागतात, आवाज बदलतो. मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसला, तर तो गुरे हाकत सरळ वर चढतो. सामान आवरायला थांबत नाही. तुमच्या पानावर एवढ्या तीन ओळी आल्या असत्या तर भज्यांची चौकट थोडी लहान झाली असती, बाकी काही बिघडले नसते.

आणखी एक गोष्ट कुणी लिहीत नाही. जुलै म्हणजे आमची लावणी. गावातला धडधाकट माणूस त्या दिवसांत गुडघाभर चिखलात असतो. पर्यटक अडकल्याचा निरोप आला, की तोच माणूस रोपांची मूठ टाकून दोर घेऊन पळतो. लोणावळ्याला शिवदुर्ग मित्रसारखी बचावकार्याची तयारी असलेली मंडळी आहेत, नशीब त्या भागाचे. आमच्याकडे पहिला तासभर जो काही उपाय होतो तो शेतातून आलेल्या पोरांचाच. खाली दरीत रेंज नसते, म्हणजे ११२ लावायलासुद्धा कुणाला तरी वर धावत यावे लागते.

आता मनाई आदेशांविषयी. दर पावसाळ्यात जिल्हाधिकारी कार्यालयातून आदेश निघतो. पूर्वी जमावबंदीचे कलम १४४ असायचे, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेतले १६३ झाले. आदेश निघतो, फाट्यावर पोलीस उभे राहतात, आणि पाहुणे आडवाटेने येतात. आडवाटेने आलेला माणूस गावात कुणाला विचारत नाही, वाटाड्या घेत नाही, गाडी लांब लावतो आणि घरी खरे ठिकाण सांगून निघालेला नसतो. अडकला तर कुठे शोधायचे, हेच आधी शोधावे लागते. गोव्यात २०२३ च्या जुलैत दूधसागरला रुळावरून चालत निघालेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. चित्रफीत गाजली, लोक हसले. मावळातल्या कुंडमळ्याला तर पूल धोकादायक असल्याचे आधीपासून जाहीर होते, तरी १५ जून २०२५ च्या रविवारी इंद्रायणीवरच्या त्या लोखंडी पुलावर एवढी गर्दी झाली की तो कोसळला आणि चार जण गेले. फलक वाचून मागे फिरणारा माणूस मुळात फलकापर्यंत येतच नाही, असा माझा अनुभव आहे.

पाऊस नसतानाही पाणी चढते, हे तर अगदीच कुणाला माहीत नसते. मुळशी धरणाचे पाणी डोंगरातून खाली भिऱ्याच्या वीजघरात येते. हे वीजघर १९२७ सालचे, टाटांचे. ज्या धरणासाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तेच हे मुळशी. वीज काढून झाली की पाणी कुंडलिकेत सुटते आणि कोलाडची राफ्टिंगवाली मंडळी त्याच पाण्यावर सकाळची बोट सोडतात. म्हणजे आमच्या नदीची भरती-ओहोटी मुंबईतल्या विजेच्या मागणीवर चालते म्हणा ना. ऐन मे महिन्यात नदीपात्रातल्या दगडावर चूल मांडून बसलेल्या पाहुण्यांना मी स्वतः हाका मारून उठवले आहे. मटण अर्धे शिजले होते, त्यामुळे त्यांना माझा रागही आला. भंडारदऱ्याखालचा रंधा प्रवरेवर आहे, वर धरण आहे. निघोजचे रांजणखळगे, म्हणजे पाण्याने खडकात कोरलेले खोल खड्डे, कुकडीवर आहेत, तिलाही वरून पाणी सोडतात. अशा ठिकाणी निघताना आभाळाकडे बघून उपयोग नाही, आवर्तन, म्हणजे धरणातून पाणी सोडणे, चालू आहे का ते विचारायला हवे. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत फोन उचलला नाही, तर काठच्या गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावे, तो तारीख तोंडपाठ सांगतो.

मग जायचे कधी? दसरा झाल्यावर. माझा पुतण्या पुण्यात असतो. तो पूर्वी जुलैतच यायचा, आता मी येऊ देत नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर दोन गाड्या करून नऊ जण आले, सगळ्यात लहान सहा वर्षांची, सगळ्यात मोठी माझी वहिनी एकाहत्तरची. पहाटे साडेपाचला निघाले, घाट उजाडता उजाडता उतरला, आठला आमच्या ओटीवर पोहे. तरुण चौघे वाटाड्याला घेऊन देवकुंडाला गेले. भिऱ्यापासून जंगलातून दोन तासांची वाट आहे, मध्ये ओढे ओलांडावे लागतात, आणि पावसाळ्यात माणसे अडकतात ती बहुधा कुंडात नव्हे, तर परतताना या ओढ्यांच्या अलीकडे. म्हणून वाटाड्याने निघतानाच बजावले, की दोन वाजता पाण्याबाहेर, मग कुणाचे फोटो राहिले असोत की काही. कार्तिकात दरीत साडेपाचलाच अंधारते.

उरलेल्या पाच जणांनी आणि मी गावाजवळच्या लहान कोंडावर, म्हणजे डोहावर, दिवस काढला. त्या दिवसांत पाणी इतके नितळ असते की तळाची वाळू दिसते आणि खोली डोळ्यांनी मोजता येते. जुलैत तोच कोंड गढूळ काढ्यासारखा असतो, आत दगड आहे की ओंडका, देव जाणे. सहा वर्षांच्या पोरीला आधी काठीने खोली दाखवली, मगच उतरू दिले, तेही फुगवलेल्या ट्यूबसह आणि माझ्या हाताच्या अंतरात. दुपारी झुणका-भाकरी आणि ठेचा, आदल्या दिवशी सांगून ठेवलेला. गावातल्या बाईला दोन पैसे मिळाले, प्लास्टिकच्या थाळ्या आल्याच नाहीत.

पोहता येते म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. तरण तलावात शिकलेले पोहणे धबधब्याखाली फारसे कामाला येत नाही. पांढऱ्या फेसात निम्मी हवाच असते, ते पाणी माणसाला उचलून धरत नाही. पडणारे पाणी खाली जाऊन भोवरा घेते आणि माणसाला परत धारेखालीच ओढते. वरून पाण्याबरोबर दगड येतात ते वेगळे. रांजणखळग्यांच्या कडा घासून इतक्या गुळगुळीत झालेल्या असतात की आत पडलेल्याला धरायला काही नसते. आमच्या आज्या सांगायच्या, डोहात आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, राहतात, भर दुपारी एकट्याने जायचे नाही. आम्ही शाळेत विज्ञान शिकवताना ती अंधश्रद्धा म्हणून खोडून काढली. आता वाटते, खोडताना तिच्या जागी भोवरा शिकवायला हवा होता. तो धडा माझ्याकडूनही राहिला.

काचेच्या बाटल्यांविषयी लिहायला घेतले तर तुमची जागा पुरणार नाही. आमच्या गुरांचे खूर आणि पोरांचे तळपाय बघायला या एकदा.

सरकारने काय करावे, याला उदाहरण शेजारीच आहे. दूधसागर अभयारण्यात आहे. पाऊस सरल्यावर कुळे गावाहून ठरावीक जीप सोडतात, पाण्यात उतरायला लाइफ जॅकेट सक्तीचे आणि दृष्टी मरीनचे जीवरक्षक हजर असतात. सगळे आलबेल आहे असे नाही, पण सारा हंगाम बंदी आणि बाकीचे वर्ष रामभरोसे, यापेक्षा ते बरे. आमच्याकडे तर फार खर्चही नाही. कातळावर लाल रंगाची एक रेघ, पाणी तिला टेकले की सगळ्यांनी बाहेर. ओढ्यांवर आडवा दोर. ग्रामपंचायतीच्या पावतीवर माणशी शुल्क, त्यातून गावच्या चार पोरांना प्रशिक्षण आणि मानधन. येताना नाव-नंबर लिहायचा आणि जाताना खोडायचा, एवढी वही तर उद्यापासून सुरू करता येईल. वही मी देतो.

तुमच्याकडे मागणे त्याहून लहान आहे. जूनच्या पानावर लांबून बघायचे धबधबे द्या. ठोसेघरला कठडा बांधलेली बघायची जागा आहे, तिथे भर पावसात छत्री घेऊन उभे राहावे आणि परत यावे. पाण्यात उतरायच्या जागा दसऱ्याच्या रविवारी छापा. अंतरापुढे तीन रकाने वाढवा : पाणी कुठून येते, वर धरण आहे का, आणि गावात कुणाला विचारायचे. भजी राहू द्यात, त्यांच्यावर माझा राग नाही.

भिरा ते विळे या पट्ट्यातली माहिती मी लिहून पाठवतो. संगणकावर टंकलेखन येत नाही, पण अक्षर चांगले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. माणगाव, जि. रायगड