परतवारीकडेही लक्ष द्या

महोदय,

आषाढी एकादशी झाली की वारीच्या बातम्या थांबतात. पण माऊलींची पालखी पौर्णिमेपर्यंत पंढरपुरातच असते. गोपाळपूरला काला होतो आणि मग पायी परत निघून ती वद्य दशमी-एकादशीच्या सुमारास आळंदीत पोहोचते. जाताना अडीच आठवड्यांहून जास्त लागतात, येताना जेमतेम दहा-अकरा दिवस. त्यामुळे टप्पे लांब आणि माणसे थोडी. यंदा मी परतवारी केली.

जाताना पावलोपावली पाणी, चहा, पाय चेपणारे हात होते. परतताना टँकर क्वचित दिसला, फिरती शौचालये तर नाहीतच. आम्हा बायकांचे हाल विचारू नका. दिवेघाट उतरताना सोबतच्या म्हाताऱ्या मावशींच्या तळपायाचे फोड फुटले. मलमपट्टी आमच्याच पिशवीतली. थकलेल्या पायांना दवाखाना खरे तर तेव्हाच हवा असतो! वाटेतल्या घरांनी मात्र भाकरी दिली, ओसरी दिली. त्यांचे उपकार मोठे.

प्रशासनाने आणि सेवाभावी मंडळांनी निदान मुक्कामाच्या गावी पाणी, शौचालये आणि एक वैद्यकीय पथक आळंदीपर्यंत ठेवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वारकरी महिला