चेंबरचं झाकण आधी उघडलंत, त्याबद्दल

प्लंबरभाऊ,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे छापू नका असं तुम्हीच बजावून गेलात, म्हणून फोंड्यातल्या आमच्या इमारतीपुरते तुम्ही ‘स्प्रिंगवाले भाऊ’च. बिल चुकतं झालंय. बिलात न मावणारं जे राहिलं ते या पत्रात, सोसायटीच्या देखभाल समितीच्या वतीने. पत्र उघडं ठेवलंय ते मुद्दाम. तुंबलेलं सिंक घरोघरी असतं, आणि तुमची रीत चार घरांना कळली तर तुमचं काही कमी होणार नाही.

तक्रार अशी होती. तळमजल्याच्या स्वयंपाकघरात नळ बंद असताना, रात्री साडेनऊच्या पुढे सिंकमध्ये खालून पाणी चढायचं. राखाडी पाणी, वर तेलाचे डोळे, मधूनच भाताचं शीत. हे पाणी त्या घरचं नव्हेच, हे तुम्ही दारातच ओळखलंत. पिशवी खाली ठेवलीत आणि आधी तीन प्रश्न विचारलेत: मोरीतही पाणी चढतं का? वरची मंडळी भांडी घासायला लागली की चढतं, की केव्हाही? आणि आत्तापर्यंत आत काय काय ओतलंय?

मोरी कोरडी होती. म्हणजे स्वयंपाकघराची लाइन आणि न्हाणीघराची लाइन जिथे एकत्र येतात त्याच्या पुढे सगळं मोकळं. पाणी भांड्यांच्या वेळेलाच चढत होतं. म्हणजे अडथळा सिंकच्या बॉटल ट्रॅपमध्ये, म्हणजे सिंकखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वाटीत नाही, तर तिन्ही मजल्यांचा उभा पाइप खाली उतरून आडवा होतो त्याच्या पलीकडे. ट्रॅप तुंबला तर आपलंच पाणी जात नाही, दुसऱ्याचं येत नाही. एवढा साधा फरक, पण त्याआधी दोनदा येऊन गेलेल्या एका कारागिराने दोन्ही वेळा ट्रॅपच साफ करून पैसे नेले होते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला सगळे जरा लाजले. आदल्या आठवड्यात कॉस्टिक सोड्याची पावडर ओतून झाली होती. तुम्ही रागावला नाहीत. चष्मा आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे चढवलेत. कारण सांगितलंत ते इथे लिहायलाच हवं. कॉस्टिक पाण्यात विरघळताना चांगलंच तापतं आणि चरबीशी मिळून साबण करतं. पाणी वाहतं असेल तर तो साबण वाहून जातो. पाणी थांबलेलं असेल तर तो तिथेच बसून दगडासारखा होतो, वरचं पाणी दाहक राहतं, आणि ट्रॅप उघडणाऱ्याच्या तोंडावर तेच उडतं. त्यावर कुणी ॲसिड ओतलं तर ते उसळतं. आणि ब्लीचिंग पावडर व ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, तोही बंद स्वयंपाकघरात. तेव्हा काही ओतलं असेल तर प्लंबरला पहिल्या वाक्यात सांगावं.

मग तुम्ही सिंककडे पाठ फिरवून बाहेर गेलात आणि घरातले सांडपाण्याचे पाइप जिथे येऊन पडतात त्या चेंबरचं झाकण उचललंत. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चिऱ्यांनी बांधलेलं चेंबर तळापर्यंत कोरडं होतं. “सिंक भरलेलं, चेंबर कोरडं. मधल्या तीन मीटरमध्ये आहे,” एवढंच बोललात. चेंबर काठोकाठ भरलेलं निघालं असतं तर मामला वेगळा होता. अडथळा पुढे असता, किंवा शोषखड्ड्यात पाणी मुरत नसतं. पावसाळ्यात गोव्यात हे नेहमीचंच. भूजल वर आलं की खड्डा पाणी घेत नाही, आणि घरातल्या पाइपात कितीही स्प्रिंग (चोकअप फोडायची लांब लवचिक तार) फिरवली तरी उपयोग शून्य. झाकण उचलायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं न घालवल्यामुळे लोक फरशी फोडून बसतात.

प्लंजर का नको, हे पहिल्या मजल्यावरच्या काकांना तुम्ही शांतपणे समजावलंत. एकट्या सिंकचा चोकअप असेल तर रबरी पंप उत्तम. सपाट वाटीचा, संडासाचा नव्हे. वाटी बुडून वर चार बोटं पाणी हवं, ओव्हरफ्लोचं भोक आणि जोडसिंक असेल तर दुसरं तोंड ओल्या फडक्याने दाबून धरायचं, पंधरा-वीस ठोके द्यायचे आणि शेवटचा झटक्याने वर ओढायचा. सामाईक उभ्या पाइपावर मात्र तो जोर गाठीवर पोचतच नाही. वरच्या मोकळ्या पाइपात निघून जातो, फार तर कुणाच्या तरी ट्रॅपमधलं पाणी उडवतो.

तुमचं खरं कसब पुढे दिसलं. वरच्या दोन्ही घरांना तासभर नळ बंद ठेवायला सांगितलंत. सिंकमधलं पाणी मगाने उपसून बादलीत घेतलंत, बॉटल ट्रॅपखाली दुसरी बादली ठेवून त्याची वाटी नुसत्या हाताने फिरवून काढलीत. पान्हा लावला नाही, कारण प्लास्टिकच्या आट्या पान्ह्याने चिरतात. तुंबलेलं पाणी तळमजल्याच्या सिंकच्या काठापेक्षा वर कधीच उभं राहत नाही. तेवढं चढलं की ओट्यावर सांडतं. वरच्यांना चोकअप कळतसुद्धा नाही तो यामुळे. इमारतीतलं सर्वांत खालचं तोंड तळमजल्याचं, म्हणून भोगणं त्याचं. सोसायटीच्या सभेत ‘तुमचं सिंक, तुमचा खर्च’ असा सूर होता, तो या एका वाक्याने बंद पडला. खर्च तिघांत वाटला गेला, त्याचे वेगळे आभार.

स्प्रिंग तुम्ही स्वयंपाकघरातून नव्हे, चेंबरकडून उलटी घातलीत. गाठ फुटली की मागचं सगळं पाणी चेंबरात पडतं, ओट्याखाली नाही. स्प्रिंगला आधीच दर अर्ध्या मीटरवर चिकटपट्टी लावून आणली होती. १ मीटर ९० सेंटिमीटरवर ती अडली. तिथे तुम्ही ढकललं नाही. थोडी मागे घेतलीत, मूठ आवळून सावकाश उजवीकडे फिरवत पुन्हा पुढे नेलीत, आणि बाहेर काढतानाही त्याच दिशेने फिरवत राहिलात. उलट फिरवलं की टोकाला अडकलेलं सुटून परत आतच पडतं. जोर लावला तर स्प्रिंग पाइपातच दुमडते आणि मग पाइप कापल्याशिवाय निघत नाही. चौथ्या खेपेला पोटातून आल्यासारखा आवाज झाला. तुम्ही आधीच चेंबरच्या बाजूला सरकून उभे होतात.

जे निघालं ते तुम्ही वर्तमानपत्रावर ठेवून सगळ्यांना दाखवलंत. मनगटाएवढा जाड, वीतभर लांब, पांढुरका गोळा. बाहेरून खडूसारखा कोरडा, नखाने भुगा होणारा. मधोमध मोडला तर मेणासारखा. आणि त्या मेणात थरावर थर: नारळाचा चव, चहाची पत्ती, पारदर्शक नाण्यांसारखी माशाची खवलं. महिन्याभराच्या स्वयंपाकाची वही उघडावी तसं. बायकांनी नाकाला पदर लावला खरा, पण वाकून पाहिलं सगळ्यांनी.

“थंडीत असंच होतं” असं तुम्ही म्हणालात, त्याचा अर्थ नंतर लागला. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठतं. गोव्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा त्याखाली उतरतो. बाटलीतलं तेल गोठलेलं आपण पाहतो, पाइपातलं पाहत नाही. हुमणाच्या, म्हणजे माशाच्या कालवणाच्या, पातेल्यातला तवंग गरम पाण्याबरोबर पातळ होऊन जातो आणि जमिनीलगतच्या गार पाइपात भिंतीला बसतो. चव आणि खवलं त्याला धरून राहतात. म्हणूनच उकळतं पाणी ओतायचा उपाय फसवा: वितळलेलं तूप-तेल दोन मीटर पुढे जाऊन, जिथे हात पोचत नाही अशा जागी पुन्हा गोठतं. शिवाय पीव्हीसी पाइप ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, सांधे हलतात. हाताला सोसेल त्याहून जरा जास्त गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, एवढं पुरे, आणि तेही पाणी वाहतं असतानाच. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस दिसायला छान. वायू उडून गेला की मागे जवळपास खारट पाणी उरतं, त्याने चरबी सुटत नाही.

गोळा काढून तुम्ही पैसे मागितले असते तर आम्ही आनंदाने दिले असते. तुम्ही मात्र गवंड्याची पारदर्शक लेव्हलची नळी काढलीत. चेंबरकडच्या तीन मीटर पाइपाला १ ला ४० असा ढाळ धरला तर दोन टोकांत साडेसात सेंटिमीटरचा फरक हवा. टोकांत तेवढा होता. मध्ये मात्र पाइप दोन सेंटिमीटर खाली बसला होता. भरावाची माती दबली आणि पाइपाला पोट आलं. त्या पोटात पाणी कायम उभं, उभ्या पाण्यावर तेलाची साय, सायीवर चव. गाठ नेमकी १ मीटर ९० वर का धरली, याचं उत्तर तिथे होतं. नुसती स्प्रिंग मारून गेला असतात तर चार-सहा महिन्यांत पुन्हा फोन आला असता. काही कारागीर नेमके त्याच फोनवर जगतात.

दुसऱ्या दिवशी ते तीन मीटर उकरून खालची माती ठोकलीत, वाळू-सिमेंटचा थर देऊन पाइप सुतात टेकवलात. उभ्या पाइपाच्या पायथ्याला काटकोनातला एल्बो होता. तो काढून ४५ अंशांचे दोन बेंड घातलेत आणि त्यापुढे झाकणाचा डोअर टी, म्हणजे पुढच्या वेळी स्प्रिंग सरळ आत जाईल. सांधे करण्यापूर्वी पाइपाची कापलेली कड कानशीने घासलीत, कोरड्या फडक्याने पुसलीत, सोल्युशन दोन्हीकडे लावून पाव फेरा देत आत बसवलंत आणि अर्धा मिनिट दाबून धरलंत. कड घासली नाही तर तिच्या कुसळांना पहिलं शीत अडकतं. ओल्या पाइपावर सोल्युशन धरत नाही. त्या रात्री तिन्ही घरांना सिंक वापरू दिलं नाहीत, यावरून जरा कुरकुर झाली, ती मनावर घेऊ नका.

बॉटल ट्रॅप परत लावताना टेफ्लॉन टेप मागणाऱ्याला तुम्ही थांबवलंत. तिथे पाणी अडवतो तो रबरी वॉशर. टेपने आटी फुगते आणि वॉशर तिरका बसतो. वॉशरची निमुळती बाजू आत जाणाऱ्या तोंडाकडे, हाताने घट्ट, वर पाव फेरा. मग खाली कोरडं वर्तमानपत्र पसरून सिंकमध्ये वीसेक लिटर पाणी भरलंत आणि बूच ओढलंत. कागदावर एक थेंबही पडला तर काळा डाग दिसतो. पडला नाही. पाणी पाऊण मिनिटाच्या आत गेलं, पण शेवटी गुडगुड झाली. पुन्हा शिडी. गच्चीवरच्या व्हेंटच्या, म्हणजे हवा घेणाऱ्या पाइपाच्या, तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. हवा वरून येईना म्हणून ती ट्रॅपमधून ओढली जात होती, आणि ट्रॅपमधलं दोन इंच पाणी, जे गटाराचा वास अडवतं, तेच शोषलं जात होतं. तुम्ही तोंड साफ करून जाळीची टोपी बसवलीत. त्याचे पैसे लावायला विसरलात की लावले नाहीत?

आणखी एक गोष्ट, जी बिलात कधीच दिसली नसती. कुणीतरी सुचवलं की आता आलाच आहात तर सेप्टिक टाकीत तुमचा पोऱ्या उतरवून तीही पाहून घ्या. तुम्ही सरळ नाही म्हणालात. टाकीतला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही, आणि असं उतरवण्याला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. टाकी उपसायची तर पंपाची गाडी बोलवा, एवढं सांगून तुम्ही चहाचा कप उचललात. त्या पोऱ्याच्या आईच्या वतीनेही आभार.

तुमच्या सूचना जिन्यात लावल्या आहेत. सिंकच्या तोंडाला दोन-तीन मिलिमीटर भोकांची जाळी. मासे साफ करायचे ते बाहेर बादलीवर. तव्याचं, कढईचं तेल आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसायचं, मग पाणी. खवणी आणि मिक्सरचं भांडं विसळलेलं पहिलं पाणी झाडाला. तांदळाची पेज सिंकमध्ये ओतायची नाही, हेही लिहिलंय. त्याखाली कुणीतरी पेनाने भर घातली आहे: ‘पेज अकरा वाजता प्यायची असते.’ डोअर टीचं झाकण गणेश चवथीच्या आधी आणि डिसेंबरात, असं वर्षातून दोनदा उघडायचं ठरलंय. नेवऱ्या (करंज्या) तळून झाल्या की कढई धुवायची घाई सगळ्यांना एकदमच होते.

देव बरें करूं, भाऊ.

ता. क. तुमची लेव्हलची नळी आणि ४० मिलिमीटरचे दोन नवे वॉशर ओट्याखाली राहिलेत. पिशवीत घालून सोसायटीच्या कचेरीत खिळ्याला अडकवून ठेवलेत. या बाजूला आलात की घेऊन जा, आणि व्हेंटच्या जाळीचे किती झाले तेही सांगा.