रेंजचं सोडा, पार्किंगमध्ये प्लग आहे का ते विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इलेक्ट्रिक कारबद्दल पेपरात काहीही छापून आलं की पहिला प्रश्न तोच, रेंज किती, म्हणजे एका चार्जमध्ये किती जाते. मी गाडी घेतली तेव्हा मला पण सगळ्यांनी हेच विचारलं. आता अडीच वर्षं रोज चालवल्यावर सांगते, गावातल्या गावात फिरणाऱ्याला ही चिंता करायची गरजच नाहीये, रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे १५ ॲम्पियरचा एक प्लग मिळतोय का हे बघा, बाकी सगळं त्याच्यावर आहे.

माझं रोजचं सांगते. नाशिकरोडहून सातपूर एमआयडीसीत ऑफिसला, द्वारका चौक, मुंबई नाका, त्र्यंबक नाका करत १५-१६ किमी, तेवढंच परत, मधे कधी मुलीचा कॉलेज रोडचा क्लास, कधी सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, म्हणजे दिवसाचे ३५ ते ४० धरा. गाडी छोटी हॅचबॅक आहे, बॅटरी २४ युनिटची. कंपनीच्या कागदावर रेंज तीनशेच्या वर आहे, मला १८०-१९० मिळते आणि मे महिन्यात एसी फुल ठेवला की १७०. तरी तीन-चार दिवस चार्जिंगला लावली नाही तर काही अडत नाही. घरच्या साध्या प्लगवर, म्हणजे गिझरला असतो तोच, गाडी तासाला पावणेतीन-तीन युनिट घेते, दिवसभरात वापरलेलं दोन तासात भरून निघतं. मी गाडीतच टायमिंग सेट करून ठेवलंय, रात्री ११ नंतर सुरू होतं आणि आपण झोपेत असताना होऊन जातं.

खर्चाचं म्हणाल तर रोजचे पाच-साडेपाच युनिट, आमच्या बिलात युनिट साधारण १२ रुपयांना पडतं म्हणजे ६०-६५ रुपये. आधीची पेट्रोल गाडी द्वारकाच्या गर्दीत १२-१३ च्या वर ॲव्हरेज देत नव्हती, तीन लिटर म्हणजे तीनशेच्या वर गेले. गर्दीत तर ही गाडी उलट बरी, क्लच नाही, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थोडी वीज परत बॅटरीत जाते. पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, ही गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा अडीच-तीन लाखांनी महाग पडली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, इलेक्ट्रिकचा ५ होता तो ५ च राहिला, त्यामुळे फरक अजून वाढलाय. माझे महिन्याला सहा हजार वाचतात म्हणून चार वर्षात पैसे वसूल होतील, पण ज्यांचं रोजचं जाणं-येणं ८-१० किमी आहे त्यांनी फक्त पेट्रोल वाचवायला म्हणून घेऊ नये, हिशोब बसत नाही.

आता प्लगचं. आमच्या २४ फ्लॅटच्या सोसायटीत मला एनओसी मिळायला सात महिने लागले. तोपर्यंत मी ऑफिसच्या आवारात चार्ज करत होते, ती सोय नसती तर गाडी विकावी लागली असती. कमिटीचं म्हणणं तीन गोष्टींचं, आग लागेल, बिल सोसायटीवर येईल आणि उद्या सगळेच मागतील. बिलाचं सगळ्यात सोपं होतं, मीटर रूम खालीच असते, माझ्याच मीटरवरून माझ्या पार्किंगपर्यंत वायर ओढली, वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) टाकला, अर्थिंग नीट करून घेतलं, सोसायटीचा एक रुपया गेला नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्येच मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय की घरच्या सध्याच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करता येते, तो कागद मी प्रिंट काढून मीटिंगमध्ये नेला होता. आगीची भीती खोटी नाही, पण ती भीती वाटत असेल तर जाड वायर आणि अर्थिंग असलेला प्लग द्या ना, कारण परवानगी नाकारली की माणूस खिडकीतून एक्सटेन्शन बोर्ड सोडतो आणि खरा धोका तिथे आहे. मी हे दुसऱ्या एका बिल्डिंगमध्ये डोळ्यांनी बघितलंय, पावसात वायर खाली लोंबत होती. सगळेच मागतील हा मुद्दा मात्र बरोबर आहे, चोवीस गाड्या एकदम लागल्या तर ७० किलोवॅटच्या वर लोड जाईल, म्हणून आत्ताच महावितरणकडे लोड वाढवून घ्यायचा आणि चार्जिंगच्या वेळा वाटून घ्यायच्या, प्रत्येकाला नाही म्हणत बसणं हा उपाय नाही.

आणि ज्यांना सोसायटीच नाही त्यांचं काय? जुन्या नाशकात, पंचवटीत वाड्यातली माणसं गाडी रस्त्यावर लावतात, त्यांनी प्लग कुठून आणायचा. बाहेरच्या सार्वजनिक फास्ट चार्जरवर गाडी चार्ज करणं घरच्यापेक्षा महाग पडतं, आणि चार्जरशेजारी तास-तासभर थांबायला नोकरदार माणसाकडे वेळ नसतो. मी एकदाच पुण्याला नेली तेव्हा वाटेतला एक चार्जर बंद, पुढच्यावर दोन गाड्या नंबरला, प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, पोचायला साडेसात तास लागले. त्यानंतर लांबचं आम्ही ट्रेननेच करतो, मुंबईला पंचवटी एक्सप्रेस आहेच. त्र्यंबकेश्वर, वणी मात्र हिच्यातूनच जाऊन येतो, काही प्रॉब्लेम नाही.

महापालिकेला माझी विनंती आहे की २०२७ च्या सिंहस्थासाठी जे पार्किंग बांधताय तिथे दोन-चार महागडे फास्ट चार्जर बसवून थांबू नका, मीटर लावलेले १५ ॲम्पियरचे साधे पॉइंट रांगेने टाका, रात्री आजूबाजूचे लोक वापरतील.

आणि संपादक साहेब, तुम्हाला पण एक विनंती. एनओसीचा अर्ज कसा लिहायचा, लोड वाढवायला महावितरणला कुठले कागद लागतात, वायर किती जाडीची हवी, ही माहिती एकदा पानभर छापा. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी कालच गाडी बुक केलीय, ते रोज मला हेच विचारतायत.

आपली वाचक,
नाशिकरोड